दगडी बाणाग्रे ओळखताना आधी बोथट बाजू पाहावी

दख्खनच्या पठारावर नदीकाठच्या जुन्या टेकाडांवर आणि नांगरलेल्या शेतांत कॅल्सेडनी, अकीक किंवा जास्पर या गारगोटीच्या जातीच्या दगडांचे नखाएवढे तुकडे सापडतात. त्यांतील काही बाणांना जडवलेली सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बारीक दगडी हत्यारे, असतात, तर बरेचसे बेसाल्टमधून सुटलेल्या गारगोटीचे निव्वळ तुकडे असतात. धारेवरून मात्र निर्णय करू नये. बैलाच्या खुराखाली फुटलेल्या गारगोटीलाही धार येते.

तुकडा तिरप्या उजेडात धरावा. माणसाने मोठ्या दगडावर आघात करून काढलेल्या पात्याच्या आतल्या अंगाला, आघात झालेल्या टोकाजवळ, हलकासा फुगवटा आणि त्यापासून पसरलेल्या लाटा दिसतात. बाहेरच्या अंगावर आधी निघालेल्या पात्यांचे एक-दोन समांतर कंगोरे उरलेले असतात. आघाताचे टोक तुटले असेल, तर फुगवटा दिसणार नाही. त्यानंतर भिंगाखाली कडा तपासाव्यात. लाकडात किंवा वेतात डिंकाने पक्के बसावे म्हणून कारागिराने एक कड मुद्दाम बोथट केलेली असते आणि तिच्यावरच्या बारीक खाचा सलग, एकसारख्या, जवळजवळ काटकोनात उतरलेल्या असतात. नांगराने किंवा पायदळी पडलेल्या खाचा तुरळक आणि वेड्यावाकड्या असतात; शिवाय नव्याने तुटलेला भाग चकाकतो, जुन्या पृष्ठभागावर पुष्कळदा पांढुरकी झाक असते.

बोथट कड सापडली की वर्गीकरण बरेच सोपे होते. कमानदार कड बोथट आणि समोरची सरळ कड धारदार असेल तर ती चंद्रकोर. दोन बाजू बोथट होऊन कोनात मिळत असतील तर त्रिकोण. दोन्ही टोके तिरपी छाटून बोथट केली असतील तर समलंब. समलंबाची लांब धार बाणाच्या टोकावर आडवीही बसवता येते, त्यामुळे अणकुचीदार नाही म्हणून ते टाकून देऊ नये. लांबट पात्याची एकच कड बोथट असेल, तर ते चाकू-विळ्यातलेही असू शकते.

आकारावरून काळ ठरवण्याचा मोह टाळावा. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सूक्ष्मास्त्रांची परंपरा सुमारे २५,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाते, आणि पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या, पुष्कळ नंतरच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) शेतकऱ्यांकडेही कॅल्सेडनीची पाती होती. काळ ठरतो तो थरावरून आणि सोबतच्या वस्तूंवरून.

म्हणून तुकडा उचलण्याआधी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपावी आणि राज्य पुरातत्त्व खात्याला कळवावे. जवळ पाती काढून उरलेला गाभा आणि छिलक्यांचा सडा दिसला, तर तोही नोंदवावा. बाण तिथे केवळ पडला नसून त्याची पाती तिथेच घडवली जात होती, असा अंदाज त्यावरून बांधता येतो.