या चुका टाळा: बेसबॉलचा कोणता सामना घ्यावा, कोणता सोडावा

दर मोसमात काही नवे पंच येतात आणि त्यातले एक-दोघं मोसम संपायच्या आत सोडून जातात. नियम त्यांना पाठ असतात, तरी जातात. सामनेच भलते घेतलेले असतात.

वरच्या गटाची घाई

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लिटल लीग मैदानावर दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं आणि पिचर (चेंडू टाकणारा) ४६ फुटांवरून टाकतो. मोठ्या मैदानावर हेच आकडे ९० फूट आणि ६० फूट ६ इंच होतात. नव्या पंचाला वाटतं, मैदान मोठं झालं इतकंच. पण छोट्या मैदानावर चेंडू बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय रनरला बेस सोडता येत नाही. मोठ्यावर तो लीड घेऊन, म्हणजे बेसपासून काही पावलं पुढे सरकून उभा राहतो, पिचर पिकऑफ टाकतो, म्हणजे त्याला बाद करायला चेंडू बेसकडे फेकतो, आणि बाल्क (रनरला फसवणारी पिचरची नियमबाह्य हालचाल) पकडायची जबाबदारी तुमच्यावर येते.

माझा दुसरा मोसम होता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा सामना, प्लेटवरचा पंच, म्हणजे कॅचरच्या मागे उभा राहून चेंडू ‘स्ट्राइक’ की ‘बॉल’ (झोनबाहेरचा) ते सांगणारा, आयत्या वेळी आला नाही. मला विचारलं, मी तत्काळ हो म्हटलं. पहिल्याच इनिंगमध्ये कर्व्ह, म्हणजे हवेत वळणारा चेंडू आला. चेंडू बॅटरच्या खांद्याकडे येताना दिसला, मी ‘बॉल’ म्हणून मोकळा झालो, आणि तो खाली वळून प्लेटच्या मधोमध, गुडघ्याच्या वरून गेला. कॅचरनं ग्लोव्ह हलवला नाही. झेल घेतला तिथंच धरून ठेवला. चूक मला कळली होती, म्हणून मी दुसरी केली: पुढचा चेंडू बाहेर असताना भरपाई म्हणून स्ट्राइक दिला. मग माझा झोन (स्ट्राइक ठरणारी जागा) कुठे आहे ते कुठल्याच डगआउटला, म्हणजे बाकावरच्या संघाला कळेना. पिचरनं कडेला टाकणं सोडलं, मधोमध टाकू लागला आणि मार खाल्ला. त्या मुलाची दुपार मी खराब केली, हे अजून खुपतं.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: वरच्या गटात गेलो की आधी निदान दहा सामने बेसवर, मग प्लेट. दरम्यान पिचर सराव करत असेल तिथं मास्क घालून कॅचरच्या मागे उभं राहायचं आणि शंभरेक चेंडू नुसते बघायचे. तोंडातून शब्द नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये वाजला की क्षणभर थांबून मनात निर्णय. एवढा धीर नसेल त्यानं खालच्याच गटात राहावं, तिथल्या मुलांनाही चांगला पंच लागतो.

एका दिवसात तीन-चार सामने

सात इनिंगमध्ये दोन्ही संघांचे मिळून दोनशे चेंडू सहज होतात, आणि प्लेटवर प्रत्येक चेंडूला वाकावं लागतं. दुसऱ्या सामन्याच्या मध्यावर मांड्या दमतात, डोकं नकळत वर येतं आणि गुडघ्याजवळचा चेंडू नीट दिसेनासा होतो. मी दिवसाला एकच प्लेट घेतो. दुसरा सामना घेतलाच तर बेसवर.

बाकीच्या

स्वतःचं मूल खेळतंय तो सामना घेऊ नका. मी तटस्थ राहीन असं म्हणणारे बहुतेक आपल्याच मुलावर अन्याय करतात.

स्वीकारलेला सामना जास्त मानधनाच्या सामन्यासाठी सोडू नका. असल्या माणसाबरोबर मी उभा राहत नाही.

ज्या कोचला तुम्ही मैदानाबाहेर काढलंत, त्याचा लगेचचा पुढचा सामना दुसऱ्याला द्या.

नियम कुठले, वेळेची मर्यादा आहे का, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तर बॅटरला धावता येतं का, हे होकार देण्याआधी विचारा. गटागणिक ते बदलतं.

आणि जोडीदार कोण, तेही विचारा. मोठ्या मुलांचा सामना एकट्यानं करायचा असेल तर नवख्यानं सरळ नाही म्हणावं. पिकऑफ आणि पिच दोन्हीकडे एकटा कसा बघणार? जोडीदार अनोळखी असेल तर मी फोनवर एकच प्रश्न टाकतो: पहिल्या बेसवर रनर, आउटफिल्डमध्ये हिट, रनर तिसऱ्याकडे सुटला, निर्णय कोणाचा? दोनच पंच असतील तर प्लेटवाल्याचा, त्यानं मास्क काढून तिसऱ्या बेसकडे धावायचं. उत्तर देताना तो अडखळला तर मी अर्धा तास लवकर पोचतो आणि मैदानावर जायच्या आत त्याच्याबरोबर हे सगळं चालून बघतो.