मळणीच्या हंगामाआधी: पट्टा घसरतोय का, हे मोजून ठरवा

मळणी यंत्र, कडबा कुट्टी, भरडा यंत्र किंवा पट्ट्यावरचा पंप काही महिने बंद राहून पुन्हा कामाला लागला, की एक तक्रार हमखास येते: 'मोटर फिरते, पण यंत्र पूर्वीसारखं ओढत नाही.' मग दोष विजेवर जातो, मोटरवर जातो आणि शेवटी कोणीतरी पाना घेऊन पट्टा आवळतो. आमचा आग्रह उलटा आहे. आधी दोन शाफ्टचे फेरे मोजा, मग पान्याला हात लावा. किंचाळणारा पट्टा सगळ्यांना ऐकू येतो. सहा-सात टक्के घसरणारा पट्टा मात्र बऱ्याचदा गप्प असतो आणि हंगामभर धान्य, वीज आणि पुली तिन्ही खातो.

व्ही-पट्टा, म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या खाचेत बसणारा पट्टा, थोडासा मागे राहतोच. ताणलेल्या बाजूला तो किंचित लांबतो, सैल बाजूला आखडतो, त्यामुळे भाराखाली 1 ते 2 टक्के फेरे कमी पडणे नैसर्गिक आहे. 3 टक्क्यांच्या पुढे लक्ष द्या. 5 टक्क्यांवर आकडा गेला, तर त्या दिवशीच यंत्र थांबवून कारण शोधा. 5 अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे 3.7 किलोवॉटची मोटर पूर्ण भारावर असताना पट्टा 7 टक्के घसरला, तर जवळपास 260 वॉट उष्णता पुलीच्या खाचांत तयार होते. 25 वॉटच्या दहा सोल्डरिंग इस्त्र्या पट्ट्याला टेकवून ठेवल्यासारखे ते आहे. रबर कडक होते, कडक रबराची पकड कमी होते आणि घसरण आणखी वाढते.

मोजमाप कसे घ्यावे

प्रकाशावर चालणारा साधा टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारे उपकरण, पुरेसा आहे. वीज बंद करून, फ्यूज काढून, मोटरच्या आणि यंत्राच्या शाफ्टवर चमकणाऱ्या टेपचा साधारण 1 सेंटिमीटरचा एकेक तुकडा लावा. शाफ्टचे टोक पट्ट्यावरच्या संरक्षक जाळीबाहेर येत असेल तर तिथेच लावा, म्हणजे जाळी काढावी लागणार नाही. एक चूक नेहमी होते. शाफ्टवर चावीची (पुली शाफ्टला धरून ठेवणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच किंवा घासून चकाकलेला बोल्ट असेल, तर टॅकोमीटर तोही मोजतो आणि फेरे दुप्पट दाखवतो. टेपच्या आजूबाजूचा भाग आधी काळ्या मार्करने रंगवून घ्या.

आता यंत्र रिकामे चालवून दोन्ही शाफ्टचे फेरे लिहा. 50 हर्ट्झवरची चार पोलची मोटर रिकामी असताना मिनिटाला 1490 फेऱ्यांच्या आसपास फिरते. समजा मोटर 1490 आणि यंत्र 743 आले, तर गुणोत्तर 2.005. मग नेहमीसारखा माल घाला, दोन-तीन मिनिटे एकसारखी भरण चालू ठेवा आणि त्याच मिनिटात दोन्ही फेरे पुन्हा घ्या. आता मोटर 1440 आणि यंत्र 668 दिसले, असे धरू. पट्टा घसरत नसता तर यंत्राला 1440 भागिले 2.005, म्हणजे 718 फेरे मिळायला हवे होते. 50 फेरे गेले, म्हणजे घसरण 7 टक्के.

पुलीचा व्यास टेपने मोजून हा हिशोब करू नका. व्ही-पट्ट्याची ओढ पुलीच्या बाहेरच्या कडेच्या व्यासावर नसते, खाचेत थोड्या आतल्या व्यासावर असते. त्यामुळे बाहेरून मोजलेल्या व्यासाने दोन-तीन टक्क्यांची खोटी घसरण दिसू शकते किंवा खरी लपू शकते. रिकाम्या आणि भरलेल्या यंत्राची तुलना केली की हा प्रश्नच राहत नाही. व्होल्टेज खालीवर होत असते, म्हणून दोन्ही आकडे जोडीनेच घ्या आणि तीनदा घ्या. फेरे घेणारा एक आणि माल घालणारा दुसरा, अशी दोन माणसे हवीतच.

मोटरचेच फेरे पाटीवरच्या आकड्याच्या बरेच खाली गेले आणि क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून वीजप्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) अँपिअर चढले, तर मोटरवर भार जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. तिथे पट्टा आवळून काही साधणार नाही. मोटरचे फेरे ठीक, अँपिअर नेहमीपेक्षा कमी आणि यंत्र मंद, ही खूण घसरणीची.

पंपाच्या बाबतीत हे कमी झालेले अँपिअर फार फसवतात. सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चाकाने पाणी बाहेर फेकणाऱ्या) पंपाचे फेरे 5 टक्क्यांनी घटले, तर दाब सुमारे 10 टक्क्यांनी आणि लागणारी शक्ती सुमारे 14 टक्क्यांनी घटते. 'मोटर हलकी चालतेय' म्हणून समाधान वाटते, पण पाण्याची धार बारीक झालेली असते. उंचावर पाणी चढवायचे असेल तर पाणी 5 टक्क्यांपेक्षा बरेच जास्त कमी होते. मळणी यंत्रात ड्रमचा वेग घटला की कणसात दाणे राहतात. पंखाही त्याच शाफ्टवरून चालत असेल तर वारा कमी पडून धान्यात भुसा येतो. भुशात दाणे आणि दाण्यांत भुसा एकाच वेळी दिसू लागले, तर चाळण्या बदलण्याआधी फेरे मोजा.

टॅकोमीटर नसेल तर

मोटर थेट, म्हणजे सुरुवातीपासूनच पूर्ण व्होल्टेजवर, सुरू होत असेल तर सुरू होताना एखाद-दोन सेकंदांची किंचाळी चालते. त्यापुढे आवाज टिकला किंवा माल घातल्याबरोबर आला, तर ती घसरण. चिमणीसारखा तुटक चिवचिवाट मात्र बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याचा असतो. अर्धा तास पूर्ण भारावर काम झाल्यावर यंत्र बंद करा, वीज तोडा आणि पट्ट्याच्या बाजूला हात लावून बघा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर पट्टा 60 अंशांच्या वर गेलेला आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो काळ्या पट्ट्यावर धरा. चकाकत्या पुलीवर तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो.

पट्टा काढून उजेडात धरा. चांगल्या पट्ट्याच्या बाजू मळकट, किंचित खरखरीत असतात. घसरलेल्या पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत आणि कडक लागतात. जाळीच्या तळाशी काळी रबराची भुकटी साचलेली असते. एकाच जागी जळालेला, खड्डा पडलेला डाग दिसला तर ड्रम गच्च अडकला असताना मोटर पट्ट्यात नुसतीच फिरत राहिली होती. असा पट्टा पुढे दर फेऱ्याला धप्प-धप्प आवाज करतो. तो बदलाच.

आता पुलीची खाच बघा. व्ही-पट्टा दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा बसून पकड धरतो, त्याचा तळ खाचेच्या बुडाला लागता कामा नये. खाचेचे बूड घासून चमकत असेल तर पाचर संपली. मग कितीही ताण द्या, पट्टा घसरणारच. नवा पट्टा पुलीच्या काठाच्या बरोबरीने किंवा किंचित वर बसतो. जुना दीड मिलिमीटरहून जास्त आत गेला असेल तर पट्टा तरी झिजला किंवा खाच तरी. खाचेच्या भिंतीला पत्र्याची सरळ पट्टी टेकवा. मध्ये 0.8 मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर पुली बदला. झिजलेल्या पुलीवर नवा पट्टा चढवणे म्हणजे दोन आठवड्यांत तोच दोष परत बोलावणे.

आणखी एक दोष हुबेहूब घसरणीसारखा वागतो: पुली शाफ्टवर ढिली होणे. चावी झिजली किंवा अडकवणारा स्क्रू सैल झाला की शाफ्ट आणि पुली वेगवेगळे फिरतात. शाफ्टच्या टोकापासून पुलीच्या मधल्या भागापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढा, भरलेले यंत्र दहा मिनिटे चालवा, थांबवून बघा. रेघ तुटली असेल तर पट्टा निर्दोष आहे.

ताण किती द्यावा

दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा काटकोनात दाबा. पट्ट्याच्या मोकळ्या लांबीच्या दर मीटरला 16 मिलिमीटर, या हिशोबाने तो दबला पाहिजे. लांबी 60 सेंटिमीटर असेल तर साधारण 10 मिलिमीटर. तेवढे दाबायला लागणारे बल स्प्रिंग काट्याने मोजा. साध्या 'ए' पट्ट्याला, म्हणजे 13 मिलिमीटर रुंदीच्या, अंदाजे 1 ते दीड किलो. 17 मिलिमीटरच्या 'बी' पट्ट्याला 2 ते 3 किलो. 22 मिलिमीटरच्या 'सी' पट्ट्याला 4 ते 6 किलो. पट्टा बनवणाऱ्याचा तक्ता हाताशी असेल तर तोच प्रमाण माना. नव्या पट्ट्याला यातल्या मोठ्या आकड्यापेक्षा पाव पटीने जास्त ताण द्या. वीस मिनिटे चालल्यावर आणि पुन्हा एक दिवसाच्या कामानंतर तो तपासा, कारण नवा पट्टा खाचेत बसताना सैल होतो. हंगामाच्या सुरुवातीच्या बहुतेक घसरणी ही दुसरी तपासणी न केल्याने होतात, असे आमचे मत आहे.

मोटर सरकवताना दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून धरा. काठांची जाडी सारखी असेल तर दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. दर मीटरला 8 ते 9 मिलिमीटरपेक्षा जास्त तिरकेपणा नको. पट्टा चढवायला पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. आतले धागे तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि तो पट्टा लवकर लांबतो. मोटर पुढे सरकवा, पट्टा हाताने बसवा, मग मागे घ्या. शेजारी-शेजारी दोन-तीन पट्टे असतील तर सगळे एकदम, एकाच जुळलेल्या संचातले घाला. जुन्याच्या जोडीला एक नवा घातला तर सगळा भार नव्यावर येतो आणि जुना घसरत राहतो.

राळ, मेण किंवा डांबर लावल्याने आवाज तासाभरासाठी जातो. त्यावर भुसा आणि धूळ चिकटून खाच घासण्याचा कागद तयार होतो. पट्ट्याला तेल-ग्रीस लागले असेल तर साबणाच्या पाण्यात ओला करून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. डिझेल-पेट्रोलने रबर फुगते. तेल आले कुठून, तेही शोधा. बेअरिंगचे सील बहुधा गळत असते.

योग्य ताण, चांगली खाच, सरळ रेष, तरीही 5 टक्क्यांवर घसरण असेल, तर मोटरची पुली फार लहान आहे किंवा पट्ट्यांची संख्या भाराला अपुरी आहे. लहान पुलीला पट्ट्याचा वेढा 120 अंशांपेक्षा कमी पडत असेल तर शाफ्टमधले अंतर वाढवा. आणखी आवळत गेलात तर आधी मोटरच्या पुलीकडचे बेअरिंग तापेल.

एवढे करताना सैल बाह्या, ओढणी आणि गमछा यंत्रापासून दूर ठेवा. मोबाइलच्या लुकलुकत्या प्रकाशात पुली बघू नका. ठरावीक वेगाला फिरती पुली त्या उजेडात थांबल्यासारखी दिसते.

पहिल्या दिवशीचे चार आकडे, म्हणजे रिकामे आणि भरलेले असतानाचे दोन्ही शाफ्टचे फेरे, तारीख घालून जाळीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. दर 50 तासांच्या कामानंतर त्यांच्याशी ताडून बघा. हंगाम संपला की मोटर पुढे सरकवून पट्टा सैल करा आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी तो काढून ठेवा.