पारावर 100 चिंचोके: देशातली संपत्ती कुणाकडं किती, हे गावात कसं समजवायचं

आपल्याकडं श्रीमंत कोण असं विचारलं की बोट लगेच गावातल्याच कुणाकडं तरी जातं, ज्याची 40 एकर बागायत, ज्याच्या दारात ट्रॅक्टर आणि बोलेरो दोन्ही उभं, झालं, तोच श्रीमंत. म्हणजे आपली नजर गावच्या शिवेपर्यंतच जाते. ती शिवेच्या पलीकडं न्यायची म्हणून मी बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीच्या बाजूला दोन-तीन गावांत हा प्रयोग केला, कसा करायचा ते लिहितोय, तुम्ही पण करून बघा.

आधी वेळेचं बघा. बीडकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयता घेऊन साखर कारखान्याला निघतात, गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच राहतात, म्हणून गणपती ते दसरा एवढ्यातच उरकून घ्या. जागा अशी धरा की जिथं सगळ्या वस्तीतली माणसं न बिचकता येऊन बसतील. पार चांगला, पण काही गावात पारावर सगळेच येऊन बसत नाहीत, तिथं शाळेचं मैदान बरं. आणि रात्रीची जेवणं झाल्यावरच बोलवा, नाहीतर बायका येणार नाहीत, आणि घरातल्या पैशाचा हिशोब बायकांनाच जास्त माहीत असतो.

सामान काही लागत नाही, मोजून 100 चिंचोके, एक खडू, कागद आणि पेन. 10 जणांना एका ओळीत बसवा आणि सांगा की हा आपला सगळा देश, ह्या टोकाला सगळ्यात श्रीमंत, त्या टोकाला सगळ्यात गरीब, आणि हे 100 चिंचोके म्हणजे देशातली सगळी जमीन, घरं, सोनं, बँकेतला पैसा, शेअर, कारखाने, सगळं. खडूनं तीन भाग करा, वरचा एक, मधले चार, खालचे पाच. मग बघणाऱ्यांना म्हणा, तुम्हाला वाटतं तसं वाटा. ते झालं की दुसऱ्यांदा म्हणा, आता कसं असायला पाहिजे तसं वाटा. दोन्ही वाटण्या कागदावर लिहून घ्या.

खरा आकडा आधी अजिबात सांगू नका, हे लई महत्त्वाचं आहे. पहिल्या गावात मी आधी आकडेच सांगितले, लोकांनी माना डोलवल्या आणि चहा होईपर्यंत विसरून गेले. दुसऱ्या गावात आधी वाटायला लावलं तर रात्री 11 पर्यंत कुणी उठंना, कारण माणूस स्वतःच्या हातानं वाटतो ना तेव्हा त्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. एका आजीनं 'असायला पाहिजे' वाली वाटणी करताना सगळ्यांना सारखे दिले आणि मग एकाचे दोन काढून दुसऱ्याला दिले, म्हणाली ह्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त आहेत.

आता खरी वाटणी करा. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब ह्या विषमता मोजणाऱ्या संशोधन संस्थेनं 2024 मध्ये काढलेल्या अभ्यासात 2022-23 चा हिशोब आहे, वरच्या 10 टक्क्यांकडं 65 टक्के संपत्ती, मधल्या 40 टक्क्यांकडं साधारण 29, आणि खालच्या निम्म्या लोकांकडं मिळून 6 च्या आसपास. म्हणजे वरच्या एकट्याच्या ओंजळीत 65, मधल्या चौघांना सात-सात आणि एक वर, आणि खालच्या पाच जणांसमोर 6 चिंचोके ठेवा फक्त. ठेवून गप बसा. लोकांना बघू द्या. मग त्या 65 मधले 40 बाजूला काढा आणि सांगा की हे फक्त वरच्या 1 टक्क्याचे, म्हणजे इथं 100 जण बसवले असते तर एकट्या माणसाचे. आपला 40 एकरवाला ह्या 40 चिंचोक्यांच्या जवळपास तरी येतो का, हे तिथंच विचारा.

कुणीतरी विचारणारच, हे मोजलं कुणी? चांगला प्रश्न आहे, टाळू नका. सरकारचाच कर्ज आणि मालमत्तेचा नमुना सर्वे असतो, त्याला फोर्ब्सची अब्जाधीशांची यादी जोडून काढलेला हा अंदाज आहे, कारण सर्वेवाल्याला लई श्रीमंत माणूस सापडत नाही आणि सापडला तरी सगळं सांगत नाही. थोडंफार इकडंतिकडं होऊ शकतं हे मोकळेपणी सांगा. आणि आपला अंदाज चुकला म्हणून कुणाला कमीपणा वाटायला नको, अमेरिकेत नॉर्टन आणि एरिअली ह्या दोन अभ्यासकांनी लोकांना असंच विचारलं होतं, 2011 ला ते छापून आलं, लोकांना वाटत होतं वरच्या 20 टक्क्यांकडं 59 टक्के असेल, होतं 84, आणि असावं किती म्हणाले तर 32.

ह्याच्यानंतर सरकारचा विषय काढा, आधी नाही. लोक म्हणतात सरकार म्हणजे अनुदान, राशन, घरकुल, म्हणजे देणारा हात. घेणारा हात दिसत नाही. तो दाखवायला मोबाईल काढा. 299 चा रिचार्ज केला तर त्यात 18 टक्के जीएसटी आहे, साधारण साडेपंचेचाळीस रुपये, आणि ऊसतोड मजूर असो नाहीतर कारखान्याचा चेअरमन, दोघांचे सारखेच कापतात. 'आम्ही कुठं टॅक्स भरतो' म्हणणारे इथं एकदम सरळ होऊन बसतात, हे मी प्रत्येक गावात बघितलंय.

मग रोजगार हमीचं सांगा, कारण ती आपल्या जुन्या लोकांच्या आठवणीतली आहे. 1972 चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी, हे त्यांनाच बोलू द्या, तुम्ही मधे बोलू नका. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी मांडलेली ही योजना, 1977 ला तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर 1975 पासून व्यवसाय कर लावला. म्हणजे मुंबईतल्या पगारातून पैसा निघून आपल्या बांधबंदिस्तीला आला, सरकारनं ठरवलं म्हणून. पण पुढचं पण सांगा, ह्या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीनं घातली ती अजून तीच आहे, 30 हजार पगारवाला 2500 देतो आणि महिन्याला 30 लाख घेणारा पण 2500 च. वारशावरचा कर 1985 ला गेला, संपत्ती कर 2015 च्या बजेटमध्ये काढला. सरकारचं म्हणणं होतं की त्यातून वसुली थोडी आणि खटाटोप जास्त, आणि त्याच्या बदल्यात एक कोटीच्या वरच्या उत्पन्नावर 2 टक्के सरचार्ज, म्हणजे करावरचा जादा कर, वाढवला, हे पण सांगा, अर्धी बाजू सांगू नका. माझं मत विचाराल तर व्यवसाय कराची मर्यादा वाढवायला पाहिजे आणि वरच्या 40 चिंचोक्यांवर कर पाहिजे, पण बैठकीत मी हे शेवटीच बोलतो.

एक नियम मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवा, पक्षाचं आणि पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव निघालं की बैठक फुटते, अर्धे उठून जातात.

उठायच्या आधी एवढं करा, ज्यांना करायचंय त्यांनी येत्या ग्रामसभेत विचारायचा एक प्रश्न तिथंच कागदावर लिहा, गावाला किती निधी आला आणि कशावर खर्च झाला, ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी वेबसाइटवर ते दिसतं, एखाद्या कॉलेजच्या पोरीला काढायला सांगा. आणि चिंचोके फेकू नका, त्या दोन वाटण्यांच्या कागदासोबत डब्यात ठेवा. उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या की त्याच लोकांना बसवा, आणि जुना कागद न दाखवता परत वाटायला सांगा.