जुनी जीप घरच्या घरी दुरुस्त करून उभी करताय? या चुका टाळा

जीप टेम्पोवरून उतरते, शेजारपाजारचे जमतात, आणि त्याच संध्याकाळी बॉनेट, काच, सीटा, मडगार्ड सगळं सुटून पडवीत येतं. जुन्या फोर-बाय-फोरचा (चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा) घात बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. दोन वर्षांनी ती ताडपत्रीखाली तशीच असते. कुठला बोल्ट कुठला हे आठवत नाही, आणि मालकाचा उत्साहही संपलेला असतो.

महिंद्राने 1947 नंतर विलीजच्या जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या सीजे-3बी, एमएम 540 आणि त्यांच्या जोडीला मारुती जिप्सी अशा गाड्या आजही गावोगाव सापडतात. माझी स्वतःची सीजे-3बी आहे. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेल्यामुळे इंजिन उंच झालं आणि म्हणून बॉनेट उंच करावं लागलं, तीच ही गाडी. तिच्यावर आणि मित्रांच्या गाड्यांवर काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. कंपनीने काढली तेव्हा जशी चालत, वळत आणि थांबत होती, तशी ती आधी झाली पाहिजे. उंची वाढवणं, रुंद टायर, विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) हे सगळं त्यानंतर. बिघडलेल्या गाडीत बदल केला, की मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता हे कळेनासं होतं.

कागद न बघता पाना हातात घेणं

चॅसीवर ठोकलेला नंबर आणि आरसी पुस्तकातला नंबर एक-एक आकडा लावून बघा. मग त्या जागेवर ग्रीस लावून जाड टेप चिकटवा. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंगखाली तो नंबर पुसट झाला, तर पासिंगच्या वेळी गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं आहे. इंजिन बदलायचं असेल, तर परवानगी इंजिन विकत घेण्याआधी मागा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे दर 5 वर्षांनी गाडी तपासणीला उभी करावी लागते. तिथे नेता येणार नाही अशी गाडी बनवण्यात अर्थ नाही.

खोलताना एका वेळी एकच भाग घ्या. खोलण्याआधी फोटो, सुटलेले बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. गंजलेल्या नटावर पाना लावून लटकू नका, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे माहीत नसल्यामुळे किती स्टड तुटले असतील याची गणती नाही. गाडीखाली शिरताना जॅकवर विसंबू नका. भक्कम घोड्या लावा, आणि त्या फरशीवर किंवा काँक्रीटवर, मातीत नाही.

गंजावर लांबी (पुट्टी) भरणं

पत्रा वरून बरा दिसतो आणि खालून गेलेला असतो. फ्लोअरच्या खालच्या आडव्या चॅनेलमध्ये चिखल साचतो, तो वर्षानुवर्षं ओला राहतो आणि पत्रा आतून खातो. टोच्याने टोचून बघा. टोचा आत गेला, तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावाच लागेल. गंजावर लांबी भरून रंग मारला, तर एका पावसाळ्यात फुगवटा येतो, कारण लांबी पाणी धरते. नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात उभी ठेवली तरी तेच होतं. म्हणून पत्रेकाम दिवाळीनंतर काढावं आणि मे संपायच्या आत वरचा रंग पूर्ण करावा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल, तर हे वेळापत्रक चुकवू नकाच.

सीजे-3बीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिथल्या फ्लोअरला वेल्डिंग करायचं, तर टाकी पूर्ण काढून लांब ठेवा. "टाकी रिकामीच आहे" म्हणणाऱ्याला कामावरून थांबवा. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि भडका वाफेचा उडतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा.

ब्रेक शेवटी ठेवणं

सीजे-3बीमध्ये ब्रेकचं सर्किट एकच आहे. कुठेही एक पाइप फुटला, तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑईलला देणारा भाग) ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीला लावलेला असतो. ब्रेक ऑईल बघायचं, तर फ्लोअरवरची झाकणी उघडावी लागते. मी पहिल्यांदा ती उघडली, तेव्हा बुटांची माती, वाळलेली पानं आणि काळा गाळ टोपीभोवती बोटभर साचला होता. ती टोपी तशीच फिरवली असती, तर सगळा कचरा आत गेला असता. आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने आजूबाजूची जागा साफ करा, मगच टोपी उघडा.

पेडल काय सांगतं ते ऐकायला शिका. दाबल्यावर स्पंजासारखं लागत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खाली जातं आणि दोन-तीन दाबांत वर येतं, तर लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, ॲडजस्टमेंट करा. पाय दाबून धरला आणि बाहेर कुठे गळती नसताना पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरची रबरं आतून सोडतायत. गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा ड्रम काढून बघा. बऱ्याचदा ॲक्सलचं सील गळून लायनरला तेल लागलेलं असतं, आणि ते लायनर कितीही पुसलं तरी भरवशाचं राहत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ब्रेकमध्ये भलतंच तेल. इंजिन ऑईलची धार गेलेल्या फनेलमधूनच ब्रेक ऑईल ओतलं, तरी पुरतं. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात, ब्रेक धरून बसतो आणि ड्रम तापतात. मग लाइन धुऊन सगळीच रबरं आणि होज बदलावे लागतात. ब्रेक ऑईल हवेतला ओलावाही ओढतं, त्यामुळे मागच्या वर्षीची उघडी बाटली वापरू नका.

गाडी उचलली आणि स्टिअरिंग लटपटायला लागलं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. पन्नासच्या आसपास वेग, एक खड्डा, आणि पुढची चाकं अशी थडथडायला लागतात की स्टिअरिंग हातात धरवत नाही. वेग जवळजवळ शून्यावर आणल्याशिवाय ते थांबत नाही. मग मालक स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे हादरे दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर) बसवतो. महिनाभर बरं वाटतं, आणि त्या महिन्यात सैल असलेला जोड आणखी सैल होतो.

शोध एका क्रमाने घ्या. टायरचं बॅलन्सिंग आणि हवा आधी बघा. मग पुढचं चाक उचला आणि वरून-खालून धरून हलवा. खडखडलं, तर हब बेअरिंग किंवा किंगपिनचं (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळ्याचं) बेअरिंग सैल आहे. कोण हे ठरवायला दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली, तर हब बेअरिंग. तरीही हललं, तर किंगपिन, तिथले शिम (पातळ चकत्या) कमी करून बेअरिंगला ठरलेला ताण द्यावा लागतो. मग चाकं जमिनीवर ठेवा आणि एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला लावून तुम्ही खाली बघा. सीजे-3बीमध्ये पुढच्या आडव्या मेंबरवर बेल क्रँक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणारा दांडा) असतो, त्याचा पिन आणि बुश झिजलेलं नाही अशी जुनी जीप मी क्वचितच पाहिली आहे. टायरॉडचे बॉल एकेक हाताने चाचपा. बोटाला जाणवणारी टकटक डोळ्याला दिसत नाही.

एवढं सगळं घट्ट असूनही लटपट असेल, तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, बघा. स्वस्तात उंची मिळते म्हणून लोक लांब शॅकल (स्प्रिंगचा पाटा चॅसीला जोडणारी कडी) टाकतात. या जीपच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं, की पाटा पुढे खाली झुकतो, ॲक्सलचं डोकंही पुढे झुकतं आणि मूळचा साधारण 3 अंशांचा कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकते. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये योग्य कोनाची लोखंडी पाचर टाकून हे सुधारता येतं, पण माझा सल्ला लांब शॅकल मुळातच न टाकण्याचा आहे. पाटे बसले असतील, तर कमान मारून घ्या किंवा नवे टाका. पाहिजे ती उंची बहुतेक त्यातच परत येते. आणखी उचललीच, तर ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, आणि प्रोपेलर शाफ्टचा स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा जोड) पुरेसा आत आहे ना, हे चाक लोंबकळत ठेवून बघा.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील

या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो जायला जागा नसते, म्हणून शाफ्ट आणि गिअर पिळले जातात. लिव्हर अडकून बसला, तर त्याला लाथ मारू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर हलका निघतो. चार चाकांना चार वेगळ्या झिजेचे टायर घातले, तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ बसतो.

टायरच्या आकाराबद्दलही सांगतो. मूळ 6.00-16 च्या जागी मोठे रुंद टायर घातले, की तेच 9 इंची ड्रम जास्त जड चाक थांबवत असतात. टायर मोठे हवे असतील, तर आधी ब्रेक मोठे करा.

डिझेल इंजिन बसवलं, पण गाडी पळेना

सीजे-3बीच्या ॲक्सलचा रेशो 5.38 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 5.38 फेऱ्या. टॉप गिअर थेट 1:1. मूळ टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 445 वेळा फिरतं, आणि इंजिन 2400 च्या जवळ. ऐंशीला 3200. पेट्रोल इंजिनाला हे चालतं. कमी फेऱ्यांचं जुनं डिझेल तिथे किंचाळायला लागतं. शिवाय त्याचा जोर तीन गिअरच्या जुन्या बॉक्सला झेपत नाही. म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्स आणि ॲक्सलचा रेशोही बदलावा लागतो, आणि पैशाचा अंदाज तिप्पट होतो. मूळ इंजिन बोअर करून उभं करणं पुष्कळदा स्वस्त आणि कागदालाही सोपं पडतं.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. इंजिन तापतं, तेव्हा रेडिएटरची कोअर आणि ब्लॉकमधला गाळ बघा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल, तर आत क्षार जमलेले असतातच.

सील बदललं तरी तेल गळतंय

दोनदा सील बदलूनही ॲक्सल गळत असेल, तर ब्रीदर बघा. वरचं ते छोटं भोक मातीने बुजलं, की आत तापलेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला, की उलट होतं आणि पाणी आत ओढलं जातं. ओढा ओलांडून आल्यावर ड्रेन बोल्ट थोडा सैल करून बघा. तेल दुधाच्या चहासारखं आलं, तर ते त्याच दिवशी बदला, बेअरिंग गंजायला फार दिवस लागत नाहीत.

रंगावर अर्थिंगची पट्टी बसवणं

माझ्या गाडीला रंग झाल्यावर विचित्र प्रकार सुरू झाले. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा उडायचा, स्टार्टर जीव गेल्यासारखा फिरायचा. आणि एका सकाळी तीन-चारदा स्टार्टर मारल्यावर चोकच्या केबलला हात लागला, तर ती चटका बसेल इतकी गरम. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, आणि चॅसीकडे जाणारी अर्थची पट्टी मी नव्या चकचकीत रंगावर आवळली होती. स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट शोधत चोकच्या बारीक तारेतून जात होता. जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, पट्टी नवी घातली, वरून ग्रीस लावलं, आणि तिन्ही तक्रारी एका दिवसात गेल्या. तपासायचं असेल, तर स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थ खराब आहे.

लष्कराच्या लिलावातून गाडी घेतली असेल, तर ती 24 व्होल्टची नाही ना, हे बल्ब लावण्याआधी बघा. हेडलाइटला रिले टाका, जुन्या स्विचमधून दोन दिव्यांचे 10 अँपिअर सतत नेऊ नका.

पहिल्या फेरीनंतर

पहिली फेरी घराजवळ आणि सपाटीवर काढा, घाटात नको. वीसेक किलोमीटरनंतर थांबून चारही हबांना हात लावा. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल, तर तिथलं बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक धरतोय. जॅक लावून चाक हाताने फिरवा. अडत-अडत फिरलं आणि ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा बोल्ट) सैल करताच मोकळं झालं, तर दोष ब्रेकच्या लाइनमध्ये आहे. नाही झालं, तर बेअरिंग पुन्हा बसवा. शंभर किलोमीटर झाले, की पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट हमखास सैल पडतात.