सेकी चकतीने तलावाची पारदर्शकता मोजताना

पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पाला सोलापूरचा सिद्धेश्वर, कंबर किंवा हिप्परग्याचा तलाव घेणार असाल, तर महागड्या यंत्राच्या मागे लागू नका. २० सेंमी व्यासाची, चार भागांत आलटून-पालटून काळी-पांढरी रंगवलेली चकती पुरते. इटलीच्या आंजेलो सेकींनी १८६५ मध्ये ती वापरली तेव्हा नुसती पांढरी होती. काळे भाग नंतर आले.

चकती ५ मिमी ॲक्रिलिकची कापून घ्या. रंग मॅटच हवा, चकचकीत रंगावर ऊन चमकून वाचन बिघडतं. मधल्या भोकात आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) आणि खाली किलोभर वजन.

बहुतेकांचं गणित चुकतं ते दोरीपाशी. नायलॉनची दोरी भिजली, ताणली की लांबते. म्हणून ती रात्रभर भिजवा, वजनासकट टांगा आणि मगच खुणा करा. शून्य चकतीच्या वरच्या बाजूपासून धरायचं, गाठीपासून नाही. तरी आपल्याकडच्या गढूळ पाण्यात दहा-दहा सेंमीच्या खुणांचा फारसा उपयोग नाही. पाण्याच्या पातळीला दोरीवर कपड्यांचा चिमटा लावा आणि अंतर टेपने मोजा.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन, होडीची सावलीची बाजू, गॉगल काढून. अंगात लाइफ जॅकेट, सोबत दुसरा माणूस. चकती दिसेनाशी झाली की पहिला चिमटा. आणखी थोडी सोडून वर ओढा, दिसू लागली की दुसरा. ३८ आणि ३४ आले तर वाचन ३६ सेंमी. वाऱ्याने दोरी तिरकी झाली तर आकडा फुगतो; तो सोडून द्या. घाटाजवळ चकती दिसत असतानाच तळाला टेकली, तर वहीत ‘तळ लागला’ एवढंच लिहा. ती खोली म्हणजे पारदर्शकता नव्हे. जलपर्णी बाजूला सारून केलेलं मापही धरू नये.

आता अर्थ लावणं, आणि इथेच घाई होते. पाणी किती पोषित आहे ते सांगणाऱ्या कार्लसनच्या सूत्रात (६० − १४.४१ × मीटरमधल्या वाचनाचा नैसर्गिक लॉग) अर्ध्या मीटरला ७० निर्देशांक येतो, म्हणजे तलाव अतिपोषित, पोषकद्रव्यं वाढून शेवाळ माजलेला. पण हे सूत्र पाणी शेवाळाने गढूळ असेल तरच लागू. पावसाळ्यात काळ्या मातीचा बारीक गाळ दिवसेंदिवस तरंगत राहतो आणि वाचन तेवढंच येतं. म्हणून प्रत्येक वेळी अर्धा लिटर पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. कागद हिरवा झाला तर शेवाळ, तपकिरी-करडा झाला तर माती. मातीच्या दिवशी निर्देशांक काढू नका, नुसते सेंटिमीटर नोंदवा.