सफवी इराणचा नकाशा वाचताना या चुका टाळा

इराणवर राज्य करणाऱ्या सफवी घराण्यावर टिपणं काढताना बहुतेक जण एकच नकाशा समोर ठेवतात. बगदादपासून कंदाहारपर्यंत सगळं एकाच रंगात. पहिली चूक इथेच होते. ही दोन्ही शहरं एकाच वेळी सफवींच्या ताब्यात होती ती १६२४ ते १६३८, म्हणजे जेमतेम १४ वर्षं. म्हणून नकाशाखाली साल नसेल, तर तो नकाशा वापरूच नका.

कंदाहारचंच बघा. १५५८ मध्ये शाह तहमास्पने ते घेतलं. १५९५ मध्ये तिथल्या सफवी सुभेदारानेच ते अकबराच्या हवाली केलं. १६२२ मध्ये शाह अब्बासने जहांगीरकडून परत मिळवलं, १६३८ मध्ये तिथला सफवी सुभेदार अली मर्दान खानाने शाहजहानला देऊन टाकलं. १६४९ च्या ऐन हिवाळ्यात सोळा वर्षांच्या दुसऱ्या अब्बासने ते पुन्हा जिंकलं. त्यानंतर औरंगजेबाने दोनदा आणि दारा शुकोहने एकदा वेढा घातला, पण मोगलांना ते परत मिळालं नाही. एवढ्या एका शहराची सालं मांडलीत, तरी पूर्वेची सरहद्द कशी मागेपुढे होत होती ते लख्ख दिसतं.

दुसरी चूक म्हणजे ओटोमन तुर्कांशी झालेल्या १५१४ च्या चाल्दिरानच्या लढाईपासूनच ऱ्हास मोजणं. त्या पराभवात दियारबकीरकडचा मुलूख गेला, हे खरं. पण ओटोमन सुलतान सलीमला सफवींची राजधानी तब्रीझ घेऊनही सोडावं लागलं आणि सफवी त्यानंतर दोनशे वर्षं टिकले.

शाह अब्बासची कारकीर्द नुसत्या विजयांची समजू नका. १५९० च्या तहात त्याने तब्रीझ ओटोमनांना सोडलं, आधी उझबेकांकडून हेरात घेतलं (१५९८) आणि मग तब्रीझकडे वळला (१६०३). पोर्तुगीजांच्या ताब्यातलं होर्मुझ बेट मात्र त्याने १६२२ मध्ये इंग्रजी जहाजांच्या मदतीने घेतलं. गोव्यातून कारभार हाकणाऱ्या पोर्तुगीजांना तो घाव फार जिव्हारी लागला.

शेवटाच्या सालावरून तर हमखास गोंधळ होतो. एका पुस्तकात १७२२, दुसऱ्यात १७३६. दोन्ही बरोबर आहेत. १७२२ च्या मार्चमध्ये गुलनाबादला अफगाणांकडून हार झाली, राजधानी इस्फहानला वेढा पडला, लोक उपासमारीने मेले. ऑक्टोबरमध्ये शाह सुलतान हुसेनने राजचिन्हाचा तुरा स्वतःच्या हाताने अफगाणांचा म्होरक्या महमूद होतकीच्या पागोट्यात खोवला. पण शाहचा मुलगा, दुसरा तहमास्प, बाहेर निसटला होता. त्याच्यासाठी त्याचा सेनापती नादिरने १७२९ मध्ये इस्फहान परत घेतलं, १७३२ मध्ये त्यालाच उतरवून त्याच्या तान्ह्या मुलाला गादीवर बसवलं आणि १७३६ मध्ये स्वतः शाह झाला. उत्तर लिहिताना राजधानी पडल्याचं साल आणि घराणं संपल्याचं साल वेगवेगळं लिहा.