सुरतेतल्या आपल्या माणसांसाठी पुराचा अंदाज कसा बांधावा

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत कुणी ना कुणी नसलेलं घर खानदेशात विरळाच. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की इकडून फोन जातो, "पानी कितलं उनं?" (पाणी किती आलं?) माझं म्हणणं एवढंच, की हा फोन पाणी शिरायच्या आधी जायला हवा. त्यासाठी कागदावर तीन रकाने आखा: वरचं पाणी, उकाई धरण, समुद्र.

१. वरचं पाणी
हतनूरला ४१ दरवाजे आहेत. किती उघडले यापेक्षा विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, किती, ते टिपा. आकडा क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आहे की क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर), हे नीट बघा. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. इथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित फसतं. गिरणा आणि पांझरा हतनूरच्या खाली तापीला मिळतात, म्हणून सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचा विसर्गही लिहा.

२. उकाई
आपल्याकडचं पाणी सुरतेत थेट जात नाही, आधी उकाईत साठतं. या धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट. जागा असेल तर लोंढा पोटात मावतो. धरण भरत आलेलं असेल तर आलेलं पाणी पुढे सोडावंच लागतं. रोजची पातळी, आवक आणि जावक टिपा.

३. समुद्र
हा रकाना आपण विसरतो, कारण आपल्याला समुद्र दिसत नाही. पंचांग काढा. अमावस्या, पौर्णिमा आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाणाचे. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे कमी जोराची. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे तिथे भरती फार चढते. भरतीला मुखाशी पाणी तुंबतं आणि तापीचा पूर ओसरायला ओहोटीची वाट पाहावी लागते. भरती दिवसातून दोनदा येते, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. मुंबईची वेळ सुरतेला लावू नका. सुरतेजवळच्या हजिरा बंदराचा भरतीचा तक्ता बघा.

ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली तेव्हा उकाईतून मोठा विसर्ग चालू होता आणि ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. राखी पौर्णिमेलाच येते, म्हणजे बहिणी सुरतेला जातात ते दिवस दरवर्षी उधाणाचेच.

४. खाडी
तापी शांत असतानाही लिंबायतमध्ये पाणी भरू शकतं. सुरतेतच जोराचा पाऊस झाला आणि त्याच वेळी भरती असली, की तिथली मिठी खाडी तुंबते. तेव्हा धरणांचे आकडे बघून निश्चिंत राहू नका, तिथला पाऊस विचारा.

५. फोन
उकाई भरत आलेली, वरून मोठा विसर्ग आणि तिथी उधाणाची, असं जुळलं की लगेच फोन करा. तळमजल्यावरची कागदपत्रं, औषधं, धान्य वर चढवायला सांगा. पिण्याचं पाणी भरून ठेवायला, मोबाईल चार्ज करायला सांगा. आपत्तीचे इशारे देणारं सरकारी 'सचेत' ॲप आणि तातडीच्या मदतीचा ११२ नंबर त्यांच्याकडे असू द्या. "आमच्या गल्लीत कधी पाणी आलं नाही" हे उत्तर मानू नका. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली आहे. भिंतीवरची जुनी पुररेषा ही आता शेवटची हद्द नव्हे.

राखीला निघणार असाल तर तिकीट काढतानाच भरतीच्या वेळा कागदावर उतरवून घ्या, आणि पोहोचल्यावर तो कागद भावाच्या घरात दाराला चिकटवा.